सुळा अडकला कुठे?

दातांना तारा लावलेले मूल आता सास्तूरच्या शाळेतही दिसते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हा शहरातल्या पैसेवाल्यांचा शौक समजला जाई. आता आईबाप उमरगा, लातूर, सोलापूर अशा खेपा घालतात, हप्त्याने पैसे भरतात आणि मुलांचे दात सरळ करून घेतात. चांगलेच आहे. पण तारा बसण्याआधी जबड्याचे फोटो काढावे लागतात आणि तिथे पालक गोंधळतात. साधा फोटो पुरे की थ्रीडी काढावा? थ्रीडी महाग, म्हणजे तोच चांगला, असे काहींना वाटते. काहींना तो किरणांचा मारा वाटतो आणि ते साध्या फोटोलाही नको म्हणतात. आमच्या घरात गेल्या वर्षी ही दोन्ही मते एकाच दस्तरखानावर भेटली. त्यातून आम्ही जे विचारले, ऐकले आणि समजून घेतले, ते वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवतो.

आमची मोठी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. वरचे पुढचे चार दात आले, दाढा आल्या, उजवा सुळाही आला. डावा सुळा मात्र आला नाही. तिथे दुधाचाच सुळा ठाण मांडून बसला होता, हलतही नव्हता. उमरग्याच्या दातांच्या डॉक्टरांनी हिरडीवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "इथे वरून सुळ्याचा उंचवटा बोटाला लागायला हवा, तो लागत नाही. लातूरला तारांच्या तज्ज्ञांना दाखवा."

वरचा सुळा साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतो. अक्कलदाढेच्या खालोखाल हाच दात हाडात अडकून बसतो. शंभरात साधारण दोघांना हा त्रास असतो, मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये जास्त, आणि बहुतेक वेळा तो टाळूच्या बाजूला वळलेला असतो. दुखत नाही, सूज नाही, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. आमच्या घरातल्या दादींचे म्हणणे तेच होते. "दिखता नई, दुखता नई, तो छेडते कायकू?" पण अडकलेला सुळा नेहमी गप्प बसत नाही. तो शेजारच्या दाताच्या मुळाला टेकला तर ते मूळ हळूहळू झिजवून टाकतो. ते झिजणेही दुखत नाही. सुळ्यापायी शेजारचा चांगला दात गेला, असे होऊ शकते.

फुप्पींना वेगळीच शंका होती. अल्लाहने दिलेल्या चेहऱ्यात असा बदल करणे जायज आहे का? आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांनी ती सोप्या शब्दांत सोडवली. धडधाकट दातांत केवळ शोभेसाठी फटी पाडून घेण्याला हदीसमध्ये मनाई आहे. दोष दूर करणे, बिघडलेला अवयव कामाचा करणे, ही वेगळी गोष्ट आहे. हजरत अर्फजा (र.) यांचे नाक लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवायला सांगितले. पुरुषांना एरवी सोने वर्ज्य असूनही ही परवानगी मिळाली. इलाज हा इलाज आहे. एवढे ऐकून फुप्पी निश्चिंत झाल्या आणि आम्ही लातूरची बस धरली.

लातूरला तज्ज्ञ मॅडमनी आधी कोणतेही यंत्र लावले नाही. चेहरा समोरून पाहिला, बाजूने पाहिला, मुलीला बोलायला लावले, हसायला लावले, दात मिटायला लावले. बोटाने हिरडी आणि टाळू दाबून पाहिले. दातांचे माप घेतले. मग दोन साधे फोटो सांगितले. एक ओपीजी, म्हणजे सगळे दात आणि दोन्ही जबडे एका लांब पट्टीत उलगडून दाखवणारा. दुसरा बाजूने काढलेला कवटीचा फोटो. त्याला सेफॅलोग्राम म्हणतात, डॉक्टर मंडळी नुसते 'सेफ' म्हणतात.

या दुसऱ्या फोटोची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. एक्स-रे किरणांचा शोध राँटगेन यांनी १८९५ मध्ये लावला. पण त्यानंतर पस्तीस वर्षे तारांचे डॉक्टर डोळ्यांवर आणि प्लास्टरच्या साच्यांवरच काम भागवत होते. कारण असे की डोके थोडे जरी कलले तरी फोटो बदलतो. आज काढलेला आणि वर्षाने काढलेला फोटो एकमेकांशी जुळत नाही. १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी वेगवेगळे काम करून एकच तोड काढली. डोके एका चौकटीत धरायचे, दोन्ही कानांत हलक्या दांड्या टेकवायच्या आणि किरणांची नळी डोक्यापासून ठरावीक अंतरावर ठेवायची. हे अंतर पाच फूट, आणि आजही बहुतेक ठिकाणी तेच आहे. मग फोटो केव्हाही काढा, मापे जुळतात.

या सपाट फोटोवर डॉक्टर काही खुणा मांडतात. कवटीच्या मध्यभागी मेंदूखालच्या ग्रंथीची खोबण, कपाळ आणि नाक जिथे मिळतात ती जागा, वरच्या जबड्याचा पुढचा खळगा, खालच्या जबड्याचा पुढचा खळगा. या खुणा रेषांनी जोडल्या की कोन मिळतात. वरच्या जबड्याचा कोन साधारण ८२ अंश, खालच्याचा ८०, आणि दोघांतला फरक २ अंश, हे माप अमेरिकेतल्या स्टायनर यांनी १९५३ मध्ये रूढ केले. फरक बराच वाढला तर दात पुढे आले आहेत की मुळात खालचा जबडाच मागे राहिला आहे, हे कळते. दोन्हींचे इलाज वेगळे. दात पुढे असतील तर तारांनी मागे घेता येतात. जबडाच मागे असेल तर वाढीच्या वयात वेगळे उपकरण लावावे लागते, आणि वाढ संपली असेल तर कधी कधी शस्त्रक्रिया.

मॅडमनी एक गोष्ट आवर्जून सांगितली. ही जुनी मापे गोऱ्या अमेरिकन चेहऱ्यांवरून काढलेली आहेत. आपल्याकडे दात आणि ओठ मुळातच थोडे पुढे असतात. त्यांच्या मोजपट्टीने आपल्या मुलीला वाकडे ठरवायचे नाही. म्हणून भारतातल्या डॉक्टरांनी आपल्या लोकांची मापे वेगळी घेतली आहेत. हे ऐकून आम्हाला बरे वाटले. मुलीच्या चेहऱ्यावर आधीच नात्यागोत्यातले लोक वाटेल ते बोलत असतात. निदान डॉक्टरने तरी तिला तिच्याच मातीच्या मापाने मोजावे.

आमच्या मुलीचे जबडे ठीक निघाले. साध्या सपाट फोटोने हा मोठा प्रश्न निकालात काढला. ओपीजीत डावा सुळाही दिसला. तो आडवा कलला होता आणि त्याचे टोक शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळावर आलेले दिसत होते. 'मुळावर आलेले' म्हणजे मुळाच्या पुढे, मागे की मुळाला घासून? इथे सपाट फोटोचे काम संपते.

सपाट फोटो ही सावली असते. उभी बैलगाडी बाजूने पाहिली तर दोन चाके एकच दिसतात. पलीकडच्या चाकाचा आरा मोडला असला तरी अलीकडून कळत नाही. जबड्याचे तसेच आहे. बाजूच्या फोटोत डावा आणि उजवा भाग एकमेकांवर चढतो. शिवाय किरण पसरत जातात, त्यामुळे सावली मूळ वस्तूपेक्षा थोडी मोठी पडते, साधारण दहा टक्क्यांपर्यंत. जी बाजू फिल्मपासून लांब ती आणखी मोठी. म्हणून डाव्या-उजव्यात फरक दिसला तरी तो खरा फरक की सावलीचा खेळ, हे सांगणे अवघड.

सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेले आणि कैरोत राहिलेले शास्त्रज्ञ इब्न अल-हैसम यांनी प्रकाश आणि दृष्टीवर मोठा ग्रंथ लिहिला. डोळ्याला थेट मिळतो तो फक्त प्रकाश आणि रंग, अंतर आणि घनपणा या गोष्टी मन अनुमानाने ठरवते, असे त्यांचे म्हणणे होते. एक्स-रे फोटोला हे तंतोतंत लागू पडते. फिल्म देते ते फक्त काळे-पांढरे. खोली त्यात नाही, ती पाहणाऱ्याने ताडायची असते.

ताडण्याची एक जुनी युक्ती आहे आणि ती स्वस्त आहे. एकाच दाताचे दोन छोटे फोटो काढायचे, दुसऱ्या वेळी किरणांची नळी थोडी बाजूला सरकवायची. औशाच्या रस्त्याने बसमधून जाताना जवळची बाभूळ मागे पळते आणि दूरचे झाड आपल्याबरोबर चालते, तसेच इथे होते. नळी ज्या दिशेला सरकली त्याच दिशेला सुळ्याची सावली सरकली तर सुळा आत, टाळूकडे. उलट दिशेला गेली तर बाहेर, ओठाकडे. ही युक्ती १९१० च्या सुमारास क्लार्क यांनी सांगितली आणि ती अजूनही चालते. ज्या गावात मोठे यंत्र नाही तिथल्या डॉक्टरलाही ती करता येते. आमच्या मुलीचा सुळा टाळूकडे आहे, हे या दोन लहान फोटोंवरून समजले.

पण एक प्रश्न उरलाच. शेजारच्या मुळाला धक्का लागला आहे का? सुळ्याची सावली नेमकी मुळावरच पडली होती, त्यामुळे मूळ शाबूत आहे की कुरतडले गेले, हे दिसत नव्हते. आणि सगळा इलाज याच उत्तरावर अवलंबून होता. मूळ फार झिजलेले असेल तर तो दात काढून सुळ्याला त्याची जागा देण्याचा विचार करावा लागतो. मूळ शाबूत असेल तर ते वाचवून सुळा वेगळ्या वाटेने ओढायचा. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आता थ्रीडी लागेल. पण फक्त एवढ्याच भागाचा."

त्या रात्री घरात चर्चा झाली. मुलीचे मामू म्हणाले, "काढायचाच तर पूर्ण कवटीचा काढा. एकदाच काय ते दिसून जाईल, पुन्हा खेप नको." दादी म्हणाल्या, लेकराच्या डोक्याभोवती यंत्र फिरवायचे नाही. दोघांचीही माया खरी होती. म्हणून हा थ्रीडी प्रकार काय आहे ते नीट समजून घेणे गरजेचे होते.

या यंत्राला सीबीसीटी म्हणतात. दवाखान्यातल्या नेहमीच्या सीटी स्कॅनचा हा धाकटा भाऊ. सीटी स्कॅन इंग्लंडच्या हाउन्सफील्ड यांनी आणला. १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा फोटो निघाला आणि १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. दात आणि जबड्यासाठी बनवलेले सीबीसीटी १९९० च्या दशकाच्या अखेरीस इटली आणि जपानमध्ये तयार झाले. मूल बसते किंवा उभे राहते, डोके स्थिर धरतात आणि यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारते. दहा-वीस सेकंदांचे काम. तेवढ्या वेळात शेकडो सपाट फोटो निघतात. संगणक ते सगळे एकत्र करून बारीक दाण्यांचा एक ठोकळा रचतो, एकेक दाणा मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून चौथ्या-तिसऱ्या भागापर्यंत. मग डॉक्टर तो ठोकळा पाहिजे तिथे कापून पाहू शकतात, जसा टरबूज उभा कापावा की आडवा हे आपण ठरवतो. अलीकडचे चाक वेगळे, पलीकडचे वेगळे. सावली मोठी पडण्याचा प्रश्नही राहत नाही.

आता किरणांचा हिशेब. तो मायक्रोसिव्हर्ट या मापात करतात. जमिनीतून, आकाशातून, हवेतून आणि अन्नातून प्रत्येक माणसाला नैसर्गिक किरण मिळतच असतात. त्यांची जगातली सरासरी वर्षाला सुमारे २४००, म्हणजे दिवसाला सहा-सात. बाजूच्या साध्या सेफमध्ये सहसा १० पेक्षा कमी. ओपीजीत साधारण ५ ते २५. लहान भागाच्या सीबीसीटीत काही दशकांपासून शंभराच्या आसपास, यंत्रागणिक फरक पडतो. पूर्ण कवटीच्या सीबीसीटीत शंभर-दोनशेच्या पुढे, काही यंत्रांत हजारापर्यंत. आणि डोक्याच्या मोठ्या सीटी स्कॅनमध्ये दोन हजारांच्या आसपास. म्हणजे साधा सेफ हा एखाद्या दिवसाचा नैसर्गिक वाटा, आणि पूर्ण कवटीचा थ्रीडी हा काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा. हे आकडे घाबरून पळण्यासारखे नाहीत. पण लहान मुलाच्या पेशी वाढीच्या असतात, त्यांना किरण जास्त बाधतात आणि पुढे आयुष्यही लांब असते. म्हणून गरज नसताना एकही फोटो नको आणि गरज असताना एकाही फोटोला नकार नको.

मामूंच्या सूचनेवर मॅडमचे उत्तर साधे होते. कवटीचा जो भाग फोटोत येतो तो सगळा कुणीतरी नीट वाचावा लागतो. प्रश्न एका सुळ्याचा असताना मेंदूपर्यंतचा भाग टिपून काय करायचे? किरणही जास्त, पैसेही जास्त. आम्हाला सांगितलेला पूर्ण कवटीचा दर जवळपास एक क्विंटल सोयाबीनच्या पैशांइतका होता, लहान भागाचा त्याच्या निम्म्याहून कमी.

दादींना पटवले ते आमच्या चाचांनी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा चाचा नऊ वर्षांचे होते. आमच्या भागातली घरे दगड-मातीची, जाड भिंतींची. ती अंगावर आली. चाचांचा पाय मोडला, हनुवटी फुटली. पायाला प्लास्टर झाले, हनुवटीला टाके पडले. ज्या दिवसांत हजारो माणसे ढिगाऱ्याखालून काढली जात होती, त्या दिवसांत जीव वाचला हीच मोठी गोष्ट होती. पण हनुवटीवर बसलेला मार कानापुढच्या सांध्यापर्यंत जातो. तिथले हाड लहानपणी मोडले तर त्या बाजूचा जबडा नीट वाढत नाही आणि हनुवटी हळूहळू त्याच बाजूला सरकते. चाचांचे तसेच झाले. मोठे होता होता चेहरा डावीकडे कलला, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. ते म्हणाले, "अम्मा, मेरा जबडा उस वक्त किसीने देखाच नई. इसका तो देखने दो." दादी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "जाव, बिस्मिल्लाह करके काढो."

लहान भागाचा थ्रीडी फोटो काढला. सुळा आणि शेजारचे मूळ यांच्यामध्ये हाडाचा पातळ पापुद्रा स्पष्ट दिसला. मूळ शाबूत होते, अल्हम्दुलिल्लाह. त्यावरून इलाज ठरला. टाळूकडून छोटी शस्त्रक्रिया करून सुळा उघडा करायचा, त्याला बारीक साखळी चिकटवायची, आधी तो मुळापासून दूर मागे ओढायचा आणि मगच त्याच्या जागेवर आणायचा. सरळ जागेकडे ओढला असता तर त्याने वाटेतले मूळ घासले असते. हे वळण सपाट फोटोवरून ठरवता आले नसते.

चाचाही आमच्याबरोबर लातूरला आले होते. सगळ्यांना वाटले होते, खरी थ्रीडीची गरज तर यांना आहे. मॅडमनी त्यांचा चेहरा पाहिला, तोंड उघडायला लावले आणि विचारले, "तुम्हाला जबड्याची शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे का?" चाचा म्हणाले, "नाही. भाकरी खातो, अजान देतो, लेकरांची लग्ने जमवायची आहेत. आता चेहऱ्याचे काय करू?" मॅडम म्हणाल्या, "मग थ्रीडी काढू नका. दुखायला लागले किंवा तोंड आणखी कमी उघडायला लागले तर या, तेव्हा काढू." ज्याच्या चेहऱ्यात सर्वांत जास्त दोष, त्याला फोटो नाही. आणि जिच्यात बाहेरून काहीच दिसत नाही, तिला फोटो. आमच्या सगळ्या प्रश्नांचे उत्तर यात आले. दोष किती मोठा आहे, यावर फोटो ठरत नाही. फोटोने इलाजात काय बदलणार आहे, यावर ठरतो.

जाणकारांचे मतही हेच आहे. युरोपीय आयोगाने २०१२ मध्ये आणि अमेरिकेतल्या तोंड-जबड्याच्या क्ष-किरण तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये सांगितले की तारांच्या प्रत्येक रुग्णाचा सरसकट थ्रीडी काढू नये. साध्या वेड्यावाकड्या, दाटीवाटीच्या, पुढे आलेल्या दातांना तपासणी, साचे, ओपीजी आणि गरज पडली तर सेफ एवढे पुरते. थ्रीडीचा खरा उपयोग अडकलेल्या दातासाठी, फाटलेल्या टाळूच्या मुलात हाड भरताना, जबड्याच्या शस्त्रक्रियेआधी, चेहरा एका बाजूला कललेला असेल आणि तो सुधारायचा असेल तेव्हा. आणखी एक गोष्ट. पूर्ण थ्रीडी काही कारणाने काढलाच असेल तर त्यातूनच संगणकावर बाजूचा सेफ तयार करता येतो. वेगळा काढून पुन्हा किरण घेण्याची गरज नाही. तसेच थ्रीडी म्हणजे सर्वज्ञ नव्हे. हाड आणि दात त्यात छान दिसतात, स्नायू आणि सांध्यातली गादी नीट दिसत नाही. तिच्यासाठी एमआरआय लागतो, त्यात एक्स-रे नसतात.

विसाव्या शतकात अमेरिकेत हजारो निरोगी मुलांचे दरवर्षी सेफ काढून चेहऱ्याच्या वाढीचा अभ्यास केला गेला. आजच्या डॉक्टरांना त्या अभ्यासाचा फायदा होतो. पण आज कुणी निरोगी मुलांवर तसे करू देणार नाही. किरणांबद्दलची समज वाढली आणि नियम बदलले. आपल्या देशात अशा यंत्रांवर परमाणु ऊर्जा नियामक परिषदेची देखरेख असते. दातांच्या एक्स-रे आणि सीबीसीटी यंत्राला तिची परवानगी लागते. सेंटरवर ती परवानगी आहे का, असे विचारण्यात संकोच नको.

पालकांनी डॉक्टरांना अदबीने चार गोष्टी विचाराव्यात. या फोटोतून कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे? उत्तर 'हो' आले किंवा 'नाही' आले तर इलाज बदलेल का? साध्या फोटोने किंवा नळी सरकवण्याच्या युक्तीने हे कळणार नाही का? थ्रीडी लागणारच असेल तर लहानात लहान भाग किती? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि फोटो काढून झाल्यावर फिल्म किंवा सीडी व रिपोर्ट जपून ठेवावा, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्यावर पुन्हा काढावा लागत नाही.

मुलींच्या बाबतीत थोडी तयारी करावी. कानातले, नथनी, केसांच्या आणि ओढणीच्या पिना, सगळे धातूचे काढावे लागते, नाहीतर फोटोत रेघा उमटतात. सेफसाठी कानात दांड्या टेकवतात, त्यामुळे ओढणी सैल करावी लागते. आधी फोन करून विचारले तर बाई तंत्रज्ञ असेल ती वेळ देतात, आईला जवळच्या खोलीत थांबू देतात. मूल दहा-वीस सेकंद हलू नये म्हणून घरीच एकदा सराव करून न्यावे. थ्रीडी लागणार असेल तर तारा बसवण्याआधी काढलेला बरा, तारांच्या धातूने फोटो खराब होतो.

आणि ज्यांची मुले नऊ-दहा वर्षांची आहेत त्यांनी एक करावे. दातांच्या डॉक्टरकडून वरच्या हिरडीत दोन्ही बाजूंना सुळ्याचा उंचवटा लागतो का, हे तपासून घ्यावे. त्याला यंत्र लागत नाही, बोट पुरते. दहा ते तेरा वर्षांच्या दरम्यान वाट चुकलेला सुळा लक्षात आला तर कित्येकदा नुसता दुधाचा सुळा काढल्यानेही तो आपल्या वाटेला लागतो. मग शस्त्रक्रिया नको, साखळी नको आणि थ्रीडीही नको.

लेकरू ही अमानत आहे. त्याच्या अंगावर विनाकारण किरण घालणे हा अमानतीतला कसूर, आणि भीतीपोटी बघायचेच टाळणे हाही कसूर. दोन्हींच्या मधली वाट विचारपूस करून सापडते. आमच्या मुलीचा सुळा महिन्याला थोडा थोडा खाली येतो आहे. मॅडम म्हणतात वेळ लागेल, अजून वर्षभर तरी. इन्शाअल्लाह, जागेवर येईल.